समुद्रापलीकडच्या बेटावर किडे पोहोचतात कसे, आणि पोहोचून टिकतात कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं ऐकण्यात काही चुकलं असेल तर तिथेच कळेल. तुम्ही मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहात. मुंबईहून पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाला जाताना, किनारा सुटून दोन दिवस झाल्यावर, रात्री डेकच्या दिव्यांभोवती चतुर आणि बारके पतंग घिरट्या घालताना दिसले. पुढे कधीतरी होनोलुलूला उतरलात. तिथे कळलं की हवाई बेटांवरच्या कीटकांच्या हजारो जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मग हिशेब जुळेना. सगळ्यात जवळचा खंड ३,८०० किलोमीटरवर, आणि किड्याचं आयुष्य पंधरा दिवसांचं. ‘पूर्वी जमीन जोडलेली होती का, की हे सगळे माणसानेच जहाजातून नेले?’ असं तुम्ही विचारलंय.

हवाईपुरतं बोलायचं तर दोन्हीही नाही. ही बेटं समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर आणली. ती कुठल्याही खंडाला कधी चिकटलेली नव्हती. माणूस तिथे पोहोचला साधारण हजार वर्षांपूर्वी, आणि तेवढ्यात हजारो नव्या जाती तयार होत नाहीत. म्हणजे या किड्यांचे पूर्वज समुद्र ओलांडूनच आले, आपले आपण.

पण ‘दूरचं बेट’ म्हणजे कुठलं, यावर उत्तर बदलतं. श्रीलंका घ्या. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा तिथले किडे चालत गेले असतील, त्यात नवल नाही. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं म्हणजे तुटलेल्या खंडाचा तुकडा आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरत होता त्याच सुमाराला ती भारतापासून सुटी झाली. तिथले काही जीव समुद्र ओलांडून आलेले नाहीतच, ते होडी सुटताना होडीतच बसलेले होते. इंडोनेशियातलं क्राकाताऊसारखं ज्वालामुखीचं बेट किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथे ये-जा सतत चालू असते. आणि मग हवाई, जिथे यायचं तर अफाट पाणी पार करूनच. तुमचा प्रश्न या शेवटच्या प्रकारचा आहे, म्हणून मी तोच धरून चालतो.

वर्गात हा विषय शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं नेहमी पोहोचण्यावर अडून बसतात. इवलासा जीव, एवढं पाणी, कसं शक्य आहे? मला मात्र इतक्या वर्षांनी पोहोचण्याचं फारसं नवल वाटत नाही. खरी मारामारी असते ती उतरल्यानंतर. ते पुढे सांगतो. आधी प्रवास.

वाऱ्यापासून सुरुवात करू. आपल्या डोक्यावरच्या हवेत किती किडे असतात याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेत लुइझियाना राज्यात टॅलुला नावाचं गाव आहे. १९२६ ते १९३१ या काळात पी. ए. ग्लिक यांनी तिथे विमानाला चिकट सापळे लावून हवा अक्षरशः चाळली. हजारो किडे मिळाले. सर्वांत उंचावर, साडेचार हजार मीटरच्या आसपास, मिळाला तो एक कोळी. कोळ्याला पंख नसतात. तो उंच जागी चढतो, पोट वर करून रेशमाचा धागा सोडतो, आणि रुईची म्हातारी उडावी तसा उडून जातो. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाताऊचा स्फोट झाला आणि उरलेलं बेट राखेखाली गाडलं गेलं. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, एडमंड कोटो हे फ्रेंच प्रवासी तिथे उतरले. त्यांना एकच जीव दिसला: एक चिमुकला कोळी, जाळं विणत असलेला. (कोळी कीटक नव्हे, हे मी परीक्षेत मार्क कापून शिकवलंय. पण इथे तो साक्षीदार म्हणून चालेल.)

तुम्ही होनोलुलूत उतरलात त्याच शहरातल्या बिशप म्युझियमचे जे. लिन्स्ली ग्रेसिट आणि त्यांचे सहकारी १९५०–६० च्या दशकांत जहाजांवर आणि विमानांवर जाळ्या लावून प्रशांत महासागरावरची हवा गाळत होते. जाळीत जे सापडायचं ते बहुतेक बारीक असायचं: लहान माश्या, मावा, तुडतुडे, दुसऱ्या किड्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या. मोठे, जड भुंगेरे जवळजवळ नाहीतच. बेटांवर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या किड्यांच्या यादीतही अशाच बारीक मंडळींचं पारडं जड असतं.

तुम्ही मूळचे कोकणातले, म्हणजे भातावरचे तपकिरी तुडतुडे तुम्हाला सांगायला नकोत. मळ्यात चालताना धोतराला चिकटतात ते. लांबी चार-पाच मिलिमीटर. हेच तुडतुडे दर वर्षी जून-जुलैत दक्षिण चीनकडून समुद्र ओलांडून जपानात उतरतात. १९६७ साली जपानच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर उभ्या असलेल्या एका हवामान-जहाजावर त्यांचे थवे येऊन पडले, तोवर ही गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नव्हती. तुडतुडा स्वतःच्या पंखांनी ५०० किलोमीटर कापत नाही. तो संध्याकाळी उडतो, वरच्या जोरदार वाऱ्यात शिरतो आणि पंख हलवत फक्त तरंगत राहतो. बाकी काम वारा करतो.

हिशेब करून पाहा. वारा ताशी ४० किलोमीटरचा धरला तर दिवसाला ९६० किलोमीटर होतात. ३,८०० किलोमीटर म्हणजे चार दिवस. पंधरा दिवसांचं आयुष्य इथे आड येत नाही. आड येतात त्या दोन गोष्टी: थंडी आणि कोरडेपणा. दर किलोमीटर उंचीमागे हवा साडेसहा अंशांनी गार होते. फार वर गेला की किडा बधिर होऊन पडतो. आणि लहान शरीरातलं पाणी झपाट्याने उडून जातं. म्हणून ढगाळ, दमट वादळी हवा त्याला स्वच्छ उन्हापेक्षा जास्त मानवते.

मोठे किडे जात नाहीत असं मात्र नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून निघालेले वाळवंटी टोळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरले. अंतर सुमारे ५,००० किलोमीटर, वेळ साधारण दहा दिवस. २०१३ च्या ऑक्टोबरात फ्रेंच गयानाच्या पुळणीवर पेंटेड लेडी जातीची थकलेली, पंख फाटलेली फुलपाखरं सापडली. हे फुलपाखरू दक्षिण अमेरिकेत राहत नाही. त्यांच्या अंगावरचे परागकण आणि पंखांमधली रासायनिक खूण तपासून, त्या दिवसांतले वारे जुळवून, २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की ती पश्चिम आफ्रिकेकडून किमान ४,२०० किलोमीटर उडत आली, पाच ते आठ दिवसांत.

आता तुमच्या डेकवरचे चतुर. माझा पहिला प्रश्न कोरडा आहे: ते मुंबई बंदरातच दिव्यांना भुलून चढले नसतील ना? बंदरात जहाज रात्रभर झगझगीत उभं असतं. असे किडे दोन-तीन दिवस कोपऱ्यात बसून राहतात आणि संध्याकाळी पुन्हा दिव्यावर येतात. दुसरा प्रश्न: महिना कोणता होता? ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर माझं मत एकदम बदलेल. कारण आपल्याकडे पाऊस ओसरताना मैदानांवर, माळावर पिवळसर चतुरांचे थवे फिरतात, मुलं त्यांच्या शेपटीला दोरा बांधतात, तो चतुर म्हणजे पँटाला फ्लॅवेसन्स. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये मांडलं की हे चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये लाखोंनी उतरतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. मालदीवमध्ये चतुराला अंडी घालता येतील अशी गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत, म्हणजे हे तिथले नव्हेत. मौज अशी की त्या दिवसांत जमिनीलगतचा वारा तिथे उलटा, पश्चिमेकडून असतो. चतुर हजार मीटरच्या वर चढून ईशान्येचा वारा धरतात. पुढे २०१२ मध्ये पंखांमधल्या हायड्रोजनच्या प्रकारांवरून दिसलं की मालदीवमध्ये उतरणारे चतुर उत्तर भारताकडून, कदाचित त्याही पलीकडून आलेले असतात. मुंबई–मोंबासा मार्ग त्यांच्या वाटेच्या फार बाहेर नाही. हाच चतुर चिलीपासून ३,५०० किलोमीटरवरच्या ईस्टर बेटावरही आहे, आणि तिथे आढळणारा तो एकमेव चतुर आहे.

वाऱ्याबद्दल एक अडचण सांगून टाकतो, कारण कुणीतरी ती काढणारच. हवाईवर नेहमीचे व्यापारी वारे ईशान्येकडून, म्हणजे अमेरिकेच्या बाजूने येतात. मग तिथल्या बऱ्याच कीटकांचे नातेवाईक पश्चिमेला, आशिया आणि पॅसिफिकच्या बेटांवर का? एक तर खूप उंचावरचे वारे उलट, पश्चिमेकडून वाहतात. शिवाय वादळं कुणाचं ऐकत नाहीत. आणि पश्चिमेच्या बाजूला बेटांची रांग आहे, पूर्वेला मोकळं पाणी. नेहमीचा वारा महत्त्वाचा नाही, लाखो वर्षांतला एखादा विचित्र वारा महत्त्वाचा.

दुसरी वाट पाण्याची, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त आवडते, कारण ती मी हाताळून पाहिलेली आहे. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा दर वर्षी पाऊस संपता संपता आम्ही किनाऱ्यावर लागलेले ओंडके उचलून आणायचो. नद्यांच्या पुरात झाडं उन्मळतात, समुद्रात जातात, आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे फिरून पुळणीवर येतात. ओंडका प्लास्टिकच्या पिंपात ठेवायचा, तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा, आणि काय बाहेर येतं ते रोज पाहायचं. खालच्या अंगाला शिंपल्यांची कवचं आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री अळ्यांची भोकं. आणि वरच्या अंगाला, साल सुटली होती तिथे, काळ्या मुंग्या, त्यांची पांढरी अंडी आणि कोष, एक कसर, दोन-तीन तपकिरी भुंगेरे, सगळं कोरडं आणि ठणठणीत. मग मुलांच्या लक्षात आलं की प्रत्येक ओंडक्यात असं नसतं. गोल, गुळगुळीत खोडं रिकामी निघतात. ज्याला एखादी फांदी किंवा मुळांचा गड्डा शिल्लक आहे त्यात जीव असतो. कारण सोपं आहे. गोल खोड लाटेवर लोळतं, सगळ्या बाजू आळीपाळीने बुडतात. फांदीवालं लोळत नाही, त्याची एक बाजू कायम आकाशाकडे राहते. तीच बोट, तोच वरचा डेक.

एका वर्षी मुंग्यांचं घर असलेली वाळकी काठी आम्ही अंगणात मिठाच्या पाण्याच्या टबात तरंगत ठेवली. किती दिवस टिकतात ते मोजायचं होतं. चौथ्या रात्री अवकाळी पाऊस आला, टब भरून वाहिला, काठी भिंतीला लागली, आणि सकाळी मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवरून निघून चालल्या होत्या. प्रयोग फसला, पण मला जे शिकवायचं होतं ते त्या मुंग्यांनीच शिकवून टाकलं.

मोठ्या प्रमाणावर हेच घडतं. आइसलँडजवळ १९६३ च्या नोव्हेंबरात समुद्रातून सर्ट्सी नावाचं बेट वर आलं. १९७४ मध्ये तिथे शेजारच्या बेटावरून गवताचं एक ढेकूळ वाहत येऊन लागलं. शास्त्रज्ञांनी ते उलगडलं तर आत ६६३ बारके जीव निघाले, मुख्यतः माइट (कोळ्याच्या भावकीतले बारके जीव) आणि मातीत उड्या मारणारे पंखहीन सूक्ष्म जीव, आणि त्यांतले बहुतेक जिवंत. एका ढेकळात एवढी वसाहत.

लाकडात राहणाऱ्यांना तर तिकीटच फुकट. वाळवीचे दोन स्वभाव असतात. वारूळ बांधणारी वाळवी जमिनीशी आणि बुरशीच्या बागेशी बांधलेली, तिला समुद्र सहसा झेपत नाही. पण कोरड्या लाकडातली वाळवी, म्हणजे जी आपल्या दाराच्या चौकटीतून बारीक दाणेदार विष्ठा पाडते ती, सगळं कुटुंब एकाच लाकडाच्या तुकड्यात घेऊन राहते. तिच्या वंशवृक्षाचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गेल्या पाच कोटी वर्षांत तिने सुमारे चाळीस वेळा समुद्र ओलांडला.

गॅलापागोसवर मूळची मधमाशी एकच आहे, आणि ती कोण? आपल्या घराच्या वाशाला गोल भोक पाडून आत लाकडाचा भुसा करणारा भुंगा असतो ना, त्याची भावकी. घर लाकडात, लाकूड पाण्यावर. जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना ही सोय नाही. हवाईतल्या साठांहून अधिक मूळ मधमाश्यादेखील एकाच पूर्वजापासून झालेल्या, आणि त्यांच्या कुळाचा स्वभाव पोकळ काड्यांत, लाकडातल्या भोकांत घर करण्याचा. फिलिपिन्स आणि तैवानजवळच्या बेटांवर पंख नसलेले, चमकदार सोंडकिडे आहेत. त्यांच्या पाठीची ढाल पक्की जोडलेली असते, आत हवा राहते, त्यामुळे ते बुडत नाहीत. त्यांच्या अळ्या समुद्रफळाच्या फळात बसूनही प्रवास करू शकतात. समुद्रफळ तुम्ही पाहिलं असेल, चौकोनी तळाचं, आतून काथ्यासारखं. नारळासारखंच ते तरंगण्यासाठी बनलंय.

जाता जाता: खुल्या महासागरावर आयुष्य काढणारे कीटक फक्त पाच जातींचे, हॅलोबेटस नावाचे, आपल्या डबक्यावर पाय फाकून पळणाऱ्या किड्यांचे नातेवाईक. बाकी जवळजवळ सगळ्या कीटकवर्गाने समुद्राला पाठच दाखवली आहे. पक्ष्यांवरून उवा आणि माइट जातात, हे उघड आहे. शिवाय जपानच्या कोबे विद्यापीठातल्या प्रयोगात काडीकिड्याची काही अंडी बुलबुलाच्या पोटातून न फुटता बाहेर पडली आणि त्यांतून पिल्लंही निघाली. पण पक्ष्यांच्या वाटेवर मी फार भर देणार नाही.

आता खरा भाग. १९२४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर होते. बर्फावर त्यांना मावा दिसला. सुरूसारख्या स्प्रूस झाडांवर जगणारा मावा, आणि त्याच्या बरोबर फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या, १,३०० किलोमीटरवरून वाऱ्याने आणून टाकलेल्या. जिवंत पोहोचले. पण त्या बेटावर स्प्रूसचं एकही झाड नाही. सगळे मेले. जपानात उतरणारे तुडतुडे तरी काय, तिथल्या हिवाळ्यात संपतात, पुढच्या वर्षी नवे येतात. पोहोचणं रोजचं, टिकणं क्वचितचं, असा हा प्रकार आहे.

टिकायला काय काय लागतं? पहिलं म्हणजे जोडीदार. दोन किडे एकाच वेळी एकाच खडकावर पडण्याची वाट पाहिली तर काम झालंच म्हणायचं. म्हणून बेट वसवते ती बहुतेकदा एकटी मादी, आधीच मीलन झालेली. कीटकांच्या मादीच्या पोटात शुक्राणू साठवायची एक छोटी पिशवी असते. कित्येक जातींत ते आठवडे, महिने ताजे राहतात. मुंग्यांच्या राणीत तर वर्षानुवर्षं. मावा आणि काही काडीकिडे याहून पुढचे: त्यांच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात. उलट मेफ्लाय नावाचे नाजूक किडे बघा. पाण्यातून बाहेर आल्यावर ते तासाभराचे, फार तर एक-दोन दिवसांचे पाहुणे. हवाईत मूळचा मेफ्लाय एकही नाही.

दुसरं म्हणजे खाणं. मोनार्क फुलपाखरू, म्हणजे आपल्याकडे रुईवर वाढणाऱ्या बिबळ्या कडव्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ, एकोणिसाव्या शतकात हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया असं सगळीकडे पसरलं. त्याआधी त्याला उडता येत नव्हतं का? येत होतं. पण त्याची अळी रुईच्या कुळातली झाडंच खाते, आणि ती झाडं माणसाने बागांतून, जहाजांतून आधी तिथे पोहोचवली. घरात चूल पेटली तेव्हा पाहुणा राहिला.

म्हणूनच जे खाण्यात नखरे करत नाहीत ते आधी वसतात. अनाक क्राकाताऊ हे स्फोटानंतर समुद्रातून वर आलेलं नवं बेट. झाडं-झुडपं उगवायच्या आधीच त्याच्या काळ्या राखेवर रातकिडे राहत होते. खात काय होते? वाऱ्याने आणून टाकलेले मेलेले किडे. पोहोचून मेलेल्यांवर पोहोचून जगलेले जगत होते. हवाईत ४,२०० मीटर उंचीच्या मौना केआ शिखरावर वेकिउ नावाचा ढेकणासारखा कीटक आहे. त्याचे सगे बिया शोषतात. हा मात्र बर्फाच्या कडेला फिरून खालच्या रानांतून वर उडत आलेल्या, गारठलेल्या किड्यांचा रस पितो. ज्या वाऱ्याने त्याचे पूर्वज आणले असतील, तोच आता त्याला जेवण वाढतो.

तिसरी गोष्ट वेळ, आणि इथेच तुमच्या ‘कसं शक्य आहे’ला उत्तर मिळतं. हवाईत मूळच्या कीटकांच्या पाच हजारांहून जास्त जाती आहेत. पण त्यांचे पूर्वज मोजले तर आकडा येतो साडेतीनशे ते चारशे. तीन कोटी वर्षं धरली तर सरासरी ७५,००० वर्षांत एक यशस्वी वसाहत. एक! मधल्या काळात किती पडले आणि मेले त्याची गणती नाही. हजार वर्षांत एकदाही न घडणारी गोष्ट कोटी वर्षांत शेकडो वेळा घडू शकते. आपलं डोकं माणसाच्या आयुष्याच्या मापाने चालतं, म्हणून हे पटत नाही.

यातही एक खोच आहे. तिथल्या ड्रोसोफिला कुळातल्या, म्हणजे केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांच्या भावकीतल्या, सुमारे हजार जाती एक किंवा दोनच पूर्वजांपासून झाल्या आणि तो पूर्वज सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आला असं मानतात. पण मोठ्या बेटांतलं सगळ्यात जुनं, कवाई, फक्त पन्नासेक लाख वर्षांचं. बेटापेक्षा बेटकरी जुना! कारण ज्वालामुखीचं तोंड जागच्या जागी आहे आणि वरचा समुद्रतळ वायव्येकडे सरकतोय. जुनी बेटं झिजत बुडतात, मागे नवी उगवतात. भरलेल्या एसटीत जसं आपली सीट सुटायच्या आत पुढची धरतात, तसे हे किडे बुडणाऱ्या बेटावरून शेजारच्या नव्या बेटावर सरकत आले. लांबची उडी एकदाच, नंतर सगळ्या जवळच्या.

आणि जे आलेच नाहीत त्यांच्या रिकाम्या जागा आलेल्यांनी भरल्या. हवाईत मूळची मुंगी नाही, मूळची फुलपाखरं फक्त दोन. त्यामुळे पतंगांनी भलतेच उद्योग केले. एका कुळातल्या अळ्या काडीसारख्या बसून राहतात आणि जवळ आलेली माशी झडप घालून खातात, अगदी खंडोबाच्या घोड्यासारख्या, म्हणजे प्रार्थना-कीटकासारख्या. हायपोस्मोकोमा नावाच्या कुळात साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, त्यांतली एक अळी गोगलगाईला रेशमाने बांधून खाते.

ज्यांचे पूर्वज उडत आले त्यांचे वंशज पंख का टाकतात, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. अटलांटिकमधल्या मदैरा बेटावरच्या साडेपाचशे भुंगेऱ्यांपैकी सुमारे दोनशे उडू शकत नाहीत हे डार्विनला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं, उडणारे वाऱ्याने समुद्रात गेले, न उडणारे राहिले. हे बऱ्याच जणांनी खोडून काढायचा प्रयत्न केला. २०२० मध्ये दक्षिण महासागरातल्या बेटांचे आकडे तपासले तेव्हा तिथल्या जवळजवळ निम्म्या मूळ जाती उडू न शकणाऱ्या निघाल्या, आणि वाऱ्याचं कारण बरंचसं टिकलं. माझ्या मते सगळीकडे वाराच कारण नाही. पंखांचे स्नायू सांभाळणं महागाचं आहे. ती शक्ती अंड्यांकडे वळवता आली तर मादी वळवतेच.

राहिली माणसाची बाजू. आज तुमची शंका रास्त आहे. हवाईत १८२६ च्या आधी डास नव्हता, तो जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून आला, आणि त्याने पसरवलेल्या हिवतापाने तिथले पक्षी संपत गेले. विसाव्या शतकात तिथे दर वर्षी पंधरा-वीस नवे कीटक येऊन टिकत होते. वरचा ७५,००० वर्षांचा आकडा शेजारी ठेवून बघा. तुम्ही रोज पाहता ती लाकडी पॅलेट आणि डनेज (मालाखाली टेकू म्हणून घालतात ते लाकूड), ज्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एच टी’ अशी अक्षरं असतात, त्याचं कारण हेच. लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस, तीस मिनिटं, म्हणजे आतली अळी मरते. शिक्का नसलेला डनेज दिसला तर चीफ ऑफिसरला जरूर सांगा.

थोडक्यात परत: बारीक असेल तर वारा, लाकडात राहत असेल तर ओंडका. पोहोचल्यावर आधीच मीलन झालेली मादी, चालेल ते खाणं, आणि भरपूर वेळ. तुमच्या चतुरांबद्दल मात्र महिना कळल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तर एवढं करा. मेलेला चतुर पंख मिटून कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवा. बारके किडे जहाजाच्या औषधपेटीतल्या स्पिरिटच्या कुपीत टाका. आत एक चिठ्ठी, शिसपेन्सिलने लिहिलेली, कारण पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि शेवटचं बंदर सोडून किती तास झाले. हे सगळं ब्रिजवरच्या लॉगबुकात असतंच, तुम्हाला फक्त उतरवून घ्यायचंय. आणि दिवे लावायच्या आधी एक फेरी मारा, दिवसा कोपऱ्यांत किती बसलेत ते मोजा. दिवसा शून्य आणि रात्री वीस असतील, तर ते मुंबईतून चढलेले नाहीत.